नाव वाचल्याशिवाय खिळा नाही

सुरंगवाडीत उतरल्यावर बाजाराच्या शेवटी, पिंपळाच्या अलीकडे, ‘मेस्त्री फ्रेम वर्क्स व कलादालन’ अशी पाटी दिसते. पाटी दुकानापेक्षा लांब आहे. कलादालन म्हणजे दुकानामागची एक खोली. तिच्यात चार माणसे एका वेळी उभी राहिली तर पाचव्याने बाहेर थांबून कलेवर प्रेम करायचे. गावातले दोन ड्रॉइंगमास्तर, एक निवृत्त पोस्टमन आणि वरच्या आळीतल्या एक बाई यांची चित्रे तिथे टांगलेली असतात. ती विकली जातात असे ऐकिवात नाही, पण प्रत्येक जण येऊन आपले चित्र दुसऱ्याच्या चित्रापेक्षा खाली लावले आहे का, ते मात्र पाहून जातो.

तुम्ही पाहुणे आहात, तेव्हा एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. इथे चित्र फ्रेम करायला दिलेत, की दत्ताराम मेस्त्री माप घेईल, लाकडाचे नमुने दाखवील, चौकट जुळवून चित्र तिच्यात बसवील, हातोडी उचलील आणि थांबेल. चित्राच्या कोपऱ्यात ज्याचे नाव असेल, ते तुम्ही मोठ्याने वाचल्याशिवाय तो मागचा खिळा ठोकत नाही. नाव नसेल, तर चित्र कोणी काढले ते तोंडाने सांगावे लागते. दत्ताराम एम. कॉम. आहे, त्याला वाचता येते. पण तो त्या वेळी मान फिरवून रस्त्याकडे बघत बसतो. मागे एक साहेब लक्ष्मीचे छापील चित्र घेऊन आले होते. त्यांनी बराच वाद घातला आणि शेवटी कोपऱ्यातला शिवकाशीच्या छापखान्याचा पत्ता पिनकोडसकट वाचला. मगच खिळा बसला. आणि इथल्या चौकटीला खालच्या उजव्या कोपऱ्यात बोटभर खाच कापलेली असते, नाव दिसावे म्हणून. गावात तिला खिडकी म्हणतात.

हे असे का, याची जी हकीकत सांगतात, ती सात-आठ पिढ्यांपूर्वीची आहे.

त्या वेळी सुरंगवाडी हे संस्थान होते. संस्थान म्हणजे केवढे, तर राजवाड्याच्या गच्चीवरून ओरडले की हद्दीवरचा पहारेकरी ओ देई. ग्रामदेवता सुरंगाई डोंगरावर. चढण उभी. राजाच्या आई, ज्यांना सगळे बाईसाहेब म्हणत, त्यांचे गुडघे धरल्यापासून त्यांना वर जाता येईना. तेव्हा त्यांनी ठरवले, की दर नवरात्रात देवीचे एक नवे चित्र काढवून घ्यायचे, वाड्याच्या चौकातल्या कोनाड्यात नऊ दिवस पुजायचे आणि डोंगर चढता न येणाऱ्या सगळ्या रयतेला दर्शनाला येऊ द्यायचे. कोनाडा दोन हात उंच. त्यामुळे चौकटीचे माप कायमचे ठरलेले.

चित्र काढायचे काम सगुण चिताऱ्याकडे आले आणि चौकटीचे रुद्राजी मेस्त्रीकडे. दोघांच्या घरांच्या पाठी एकमेकांना लागून, मध्ये एकच विहीर. लहानपणापासूनचे सोबती. सगुणाला लिहिता-वाचता येत असे. श्रावणात तो देवळात पोथी वाची आणि रुद्राजी त्याच्या शेजारी मांडी घालून, पानाकडे बघत, ओठ हलवीत बसे. रुद्राजीला अक्षर येत नव्हते. पण हे त्याने कोणालाच कळू दिले नव्हते, सगुणालाही नाही. सोबत्याला येते ते आपल्याला येत नाही, हे कबूल करण्यापेक्षा आयुष्यभर ओठ हलवणे त्याला सोपे वाटले. असे लोक आजकाल कचेऱ्यांतून पुष्कळ आढळतात, म्हणून त्याला हसायचे कारण नाही.

पहिल्या वर्षी चित्र कोनाड्यात बसले आणि लोक बघतच राहिले, म्हणे. जो तो म्हणे, “सगुणानं देवी जिवंत केली.” चौकट शिसवीची होती, तिच्यावर सुरंगीच्या फुलांची वेल होती आणि ती वेल कोरायला रुद्राजीला अडीच महिने लागले होते. तो कोनाड्याशेजारी उभा राहिला, कोणी विचारले तर सांगावे म्हणून. कोणी विचारले नाही. एक आजोबा मात्र म्हणाले, “मेस्त्री, जरा सरक. देवी दिसत नाही.”

दसऱ्याला बाईसाहेबांनी सगुणाला शेला दिला. रुद्राजीला नारळ दिला.

घरी आल्यावर त्याने नारळ कोपऱ्यात आपटला. त्याची बायको शेवंती भाकऱ्या थापीत होती. ती मान वर न करता म्हणाली, “चौकट बघायला कोण येतं हो? आपल्या दाराला पण चौकट आहे. डोकं आपटेपर्यंत कोणाच्या लक्षात तरी येते का?”

रुद्राजी त्या रात्री जेवला नाही, पण नारळाची चटणी सकाळी खाल्ली, असे सांगतात.

इकडे सगुणाला शेला टोचत होता. त्यालाही दिसले होते, की अडीच महिने खपलेल्या माणसाला कोणी पाहिले नाही. पण हे रुद्राजीला तोंडावर सांगायचे कसे? ‘तुझं कोणी नाव घेतलं नाही रे’ असे म्हणणे म्हणजे जखमेवर बोट ठेवणे. तेव्हा त्याने दुसरा उपाय योजला. पुढच्या वर्षीच्या चित्राखाली, उजव्या अंगाला, त्याने बारीक अक्षरांत एक ओळ लिहिली. चित्र रुद्राजीकडे पोचवले आणि काही बोलला नाही. वाचेल आणि कळेल, असा त्याचा हिशेब.

रुद्राजीने चित्र उलगडले. त्याला देवी दिसली, सिंह दिसला आणि खाली अक्षरांची ओळ दिसली. गेल्या वर्षी ती नव्हती. चित्राखाली काय लिहितात, ते सगळ्या जगाला माहीत होते.

“बघ,” तो शेवंतीला म्हणाला. “शेला कमी पडला. आता नावही लिहायला लागला.”

“वाचून तर बघा काय लिहिलंय,” शेवंती म्हणाली.

“वाचलं,” रुद्राजी म्हणाला.

आता चौकटीचे एक साधे तंत्र आहे. तिची आतली कड चित्रावर जवभर चढवावी लागते, नाहीतर चित्र निसटते. ती जवभर चढवायची की बोटभर, हे करणाऱ्याच्या हातात. रुद्राजीने खालची पट्टी बोटभर चढवली. ओळ लाकडाखाली गेली. मागून खिळे ठोकले आणि त्याला गेल्या दसऱ्यानंतर पहिल्यांदा बरे वाटले.

घटस्थापनेला सगुण दर्शनाला गेला. त्याने कोपरा पाहिला. लाकूड. त्याच्या मनात आले, की रुद्राजीला आपल्या नावाशेजारी स्वतःचे नाव नको आहे. चिताऱ्याच्या पंगतीला बसायची मेस्त्र्याला लाज वाटते. शेल्याचा राग म्हणावा, तर आपण काय शेला मागायला गेलो होतो?

विचारले असते तर तिथेच मिटले असते. विहीर एकच होती. दोघे रोज सकाळी रहाटावर भेटत, पाणी किती खाली गेले, माशांना काय भाव आहे, यंदा काजूचे कसे, हे सगळे बोलत आणि कळशी घेऊन आपापल्या दारी परतत. हे एवढे सोडून सगळे बोलत.

पुढच्या वर्षी सगुणाने ओळ बोटभर वर लिहिली. रुद्राजीने पट्टी दोन बोटे चढवली. त्याच्या पुढच्या वर्षी ओळ आणखी वर. पट्टी आणखी रुंद. बाहेरचे माप कोनाड्याचे, ते वाढवता येईना, म्हणून चौकट आतल्या आत चित्र खात चालली. आणि रुंद झालेल्या लाकडावर रुद्राजीने काय काय कोरले! पोपट कोरले, हत्ती कोरले, केळीचे घड कोरले, एका वर्षी समुद्रातले गलबत शिडासकट कोरले. मत्सराने माणसाची झोप जाते, भूक जाते, सोबती जातो. काम मात्र उत्तम होते. लोक आता चौकटही पाहू लागले होते. पण रुद्राजीला ते ऐकू येईना. त्याच्या कानात ‘सगुणानं देवी जिवंत केली’ एवढेच घुमत होते आणि डोळ्यांपुढे ती ओळ. तो चित्राकडे बघेनासाच झाला. चित्र आले, की आधी ओळ किती वर आली ते वीत लावून मोजायचा.

सगुणाचेही काही बरे चालले नव्हते. देवीचा चेहरा तो आता चार दिवसांत उरकी आणि ओळ कुठे लिहायची, यावर आठवडा घालवी.

अशी बारा वर्षे गेली. बाराव्या वर्षी ओळ वर सरकत सरकत देवीच्या पावलांना येऊन टेकली. रुद्राजीने क्षणभर विचार केला असेल, नसेल. पण पट्टी चढली ती ओळीवरून गेली आणि देवीचे घोटे तिच्याखाली गेले.

घटस्थापनेच्या दिवशी बंदरावरची एक कोळीण, आंधळी होत आलेली, नातीचा हात धरून दर्शनाला आली. चित्राच्या पायांवर डोके ठेवायचे म्हणून तिने हाताने चाचपले. हाताला पोपट लागला. आणखी चाचपले, तर केळीचा घड.

“गो बाय माझे,” ती ओरडली, “देवीचे पाय खंय गेले?”

मग प्रत्येकाला तेच दिसले. देवी घोट्यांपासून वर होती. खाली लाकूड. कोणी म्हणाले अपशकुन, कोणी म्हणाले देवी गाव सोडून निघाली, पाऊल आधीच बाहेर पडले आहे. एका बाईच्या अंगात आले. चिकाच्या पडद्याआड बाईसाहेब बसल्या होत्या. त्यांनी दोघांना पुढे बोलावले.

“देवीचे पाय कोणी कापले?” त्यांनी विचारले.

“चित्र मापापेक्षा मोठं होतं, बाईसाहेब,” रुद्राजी म्हणाला.

“चित्र मापाचंच आहे,” सगुण म्हणाला. “बारा वर्षं एकच माप आहे. यालाच विचारा पट्टी का चढते ती.”

“मी चढवतो? तूच दर वर्षी वर सरकतोस!”

“तू झाकतोस म्हणून सरकतो!”

“मग लिहावं कशाला? लोक तोंडानं नाव घेतात ते पुरत नाही? शेला पुरत नाही? देवीच्या पायापर्यंत नाव आणून ठेवलंस!”

“मी आणलं?” सगुण ओरडला. “लाज तुला वाटते रुद्रा, आणि बोल मला लावतोस?”

हे दोघे कशावरून भांडताहेत, ते चौकात कोणालाच कळेना. बाईसाहेब म्हणाल्या, “उघडा ती चौकट.”

रुद्राजीने स्वतःच्या हाताने खिळे उपटले. पट्टी बाजूला झाली. देवीची पावले दिसली आणि पावलांखाली ती ओळ. बाईसाहेबांनी अंताजीपंत कारकुनाला वाचायला सांगितले. कारकुनाने जन्मभर कागद वाचले, त्यातले एवढेच वाचन गावाने लक्षात ठेवले. तो वाकला आणि त्याने वाचले:

“‘रुद्राजी मेस्त्री याची चौकट, तीत सगुणाचे चित्र.’”

रुद्राजी म्हणाला, “पुन्हा वाचा.”

कारकुनाने पुन्हा वाचले.

“पहिलं नाव कोणाचं?”

“तुझंच की. समोर लिहिलंय, दिसत नाही का?”

रुद्राजी ओळीकडे बघत राहिला. मग त्याने अगदी हळू विचारले, “यातलं माझं नाव कुठपर्यंत आहे?”

तेव्हा सगुणाला कळले. बारा वर्षे जे कळले नाही, ते त्या एका प्रश्नाने कळले. तो म्हणाला, “रुद्रा, तुला वाचता येत नाही?”

सगळा गाव ऐकत होता. रुद्राजीने मान हलवली.

“आणि श्रावणात पोथी?”

“तुझ्याबरोबर ओठ हलवायचो,” रुद्राजी म्हणाला.

असे सांगतात, की बाईसाहेबांनी शिक्षा वगैरे काही दिली नाही. वाड्यात माडीवर टांगलेल्या मागच्या सगळ्या चौकटी रुद्राजीने उघडाव्यात, एवढेच त्या म्हणाल्या. तो एकेक चौकट उघडी आणि अंताजीपंत ओळ वाची. बहुतेक ठिकाणी तीच ओळ होती. एका वर्षी मात्र सगुणाने, रागाने म्हणा किंवा पारख करायची म्हणून म्हणा, स्वतःचे नाव गाळले होते. ‘रुद्राजी मेस्त्री याची चौकट’ एवढेच. हे तरी झाकतो का बघू, असे त्याला वाटले असावे. रुद्राजीने तेही झाकले होते. गलबत कोरले होते ते त्याच चौकटीवर. ती ओळ ऐकून तो माडीच्या जिन्यावर जाऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत उठला नाही.

त्यानंतर त्याने देवीपुढे शपथ घेतली, की चित्राखाली काय लिहिले आहे ते कोणी मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय जन्मात खिळा ठोकणार नाही. सगुण म्हणाला, “त्यापेक्षा शिक की. मी शिकवतो. चार महिन्यांचं काम.” रुद्राजीने नाही म्हटले. म्हणाला, “मला यायला लागलं, तर तू वाचून दाखवायला येणार नाहीस.”

आणि त्याने खिडकी काढली ती तेव्हा. बाराव्या वर्षीच्या चौकटीची खालची पट्टी रंधा मारून त्याने देवीचे पाय मोकळे केले आणि जुन्या चौकटींना उजव्या कोपऱ्यात खाच कापली. पण ती कापताना मोजून कापली. ओळीत त्याचे नाव आधी आणि सगुणाचे शेवटी. खिडकी त्याने शेवटाएवढीच ठेवली. बाहेरून वाचणाऱ्याला ‘तीत सगुणाचे चित्र’ एवढेच दिसे. स्वतःचे नाव त्याने लाकडाखालीच राहू दिले. ज्या एका ओळीत फक्त त्याचेच नाव होते, तिथे त्याने खिडकी कापलीच नाही. बारा वर्षांत मी जे केले, त्याला हे बरोबर आहे, असे तो म्हणे.

सगुणाला हे मुळीच पटले नाही. तो देवमाणूस नव्हता. बारा वर्षे मनात कुढत बसलेला माणूस एका दिवसात देवमाणूस होत नसतो. रुद्राजी आता मोठेपणा घेऊन बसला, पुन्हा आपल्यापेक्षा वरचढ झाला, हे त्याला सलू लागले. तो विहिरीवर म्हणाला, “तुझं नाव झाकायचं असेल, तर माझंही झाक.” रुद्राजी म्हणाला, “चौकट माझी आहे. कुठं काय दाखवायचं, ते मी ठरवणार.”

तेराव्या वर्षीचे चित्र सगुण स्वतः घेऊन आला. ओळ पुन्हा अगदी खालच्या कडेला लिहिली होती. रुद्राजीने हातोडी बाजूला ठेवली, मान रस्त्याकडे फिरवली आणि म्हणाला, “वाच.”

सगुणाने मोठ्याने वाचले, “‘रुद्राजी मेस्त्री याची चौकट, तीत सगुणाचे चित्र.’”

“तुझं नाव कुठून सुरू होतं?”

“इथून,” सगुण म्हणाला आणि ओळीच्या मध्यावर बोट ठेवले.

रुद्राजीने खडूने खूण केली, खूण केली तिथपासून कोपऱ्यापर्यंत खिडकी कापली आणि खिळे ठोकले.

घटस्थापनेला चित्र कोनाड्यात बसले. अंताजीपंत दर्शनाला वाकला, त्याने खिडकीतून वाचले आणि चमकून सगुणाकडे पाहिले. त्या वर्षी सगुणाने ओळ उलटी लिहिली होती. ‘सगुणाचे चित्र, त्यास रुद्राजी मेस्त्री याची चौकट.’ खिडकीत दिसत होते ते रुद्राजीचे नाव. सगुणाने ओठांवर बोट ठेवले. कारकुनाला गप्प बसायची सवय असतेच. त्याने देवीला नमस्कार केला आणि तो सरकला.

गावात वाचता येणारी माणसे दहा-पंधरा असतील. त्यांनी सगळ्यांनी वाचले. एकानेही रुद्राजीला सांगितले नाही. दुसऱ्याचे बिंग फोडण्यात ज्या गावाला एरवी जेवणाइतका रस, त्या गावाने हे एक कसे सांभाळले, याचे आश्चर्य वाटते. आणि या हकीकतीतला चमत्कार कोणता म्हणाल, तर मी हाच म्हणेन. पुढे सगुणाचा हात थरथरू लागेपर्यंत दर वर्षी त्याने तशीच उलटी ओळ लिहिली, तशीच सुलटी वाचली आणि रुद्राजी विश्वासाने तीवर खिडकी कापत राहिला.

म्हातारपणी रुद्राजी नवरात्राचे नऊही दिवस कोनाड्याशेजारी बसून असायचा. आता त्याला कोणी सरकायला सांगत नसे. परगावचा कोणी आला, की तो काठीने कोपरा दाखवी आणि म्हणे, “ते बघा. सगुणाचं नाव.” समोरचा वाके, ‘रुद्राजी मेस्त्री याची चौकट’ असे मनात वाची, शेजारी उभ्या असलेल्या गावकऱ्याचे डोळे बघे आणि म्हणे, “होय. सगुणाचंच.”

आजही तेराव्या वर्षीचे ते चित्र दत्तारामच्या आतल्या खोलीत, दोन ड्रॉइंगमास्तरांच्या मध्ये लावलेले आहे. तुम्ही आत गेलात, की तो तुमच्या मागोमाग येईल आणि कोपऱ्यातली खिडकी दाखवून, मान रस्त्याकडे फिरवून, कोणाचे नाव आहे म्हणून विचारील. तुम्हाला वाचता येते. पण गावात उतरलाच आहात, तर सगुणाचेच आहे म्हणून सांगा.